शनवारच्या घरी, रविवारच्या दारी

इस्लामपूरच्या स्टँडवरून कराडकडे जाणारी एसटी पकडा. तिथून पाटणमार्गे चिपळूणची. खिडकीची जागा मिळाली तर उत्तम, नाही तर दांडा घट्ट धरा. कुंभार्ली घाटाची वळणं लागली की डोळे मिटून घ्या आणि उलटी येतेय असं वाटलं तरी उघडू नका. कंडक्टरला काही विचारायला जाऊ नका. तुम्हाला जिथं उतरायचंय, तिथलं तिकीट त्याच्या मशीनमध्ये निघत नाही.

आता उघडा. बुडाखाली फाटकं रेक्झिन नाही, ओलं लाकूड आहे. तुम्ही पडावात बसला आहात, मांडीवर कुणाचं तरी कोंबड्यांचं खुराडं आहे, आणि समोर रेवदंड्याचा पडका कोट उन्हात भाजून निघतोय. साल असेल १८४० च्या आसपास. वाळूत सुकत घातलेल्या मासळीचा वास नाकात घुसतो. घाटावरचं नाक आहे, दोन मिनिटं कुरकुर करेल, मग गप्प बसेल.

नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून गेलेल्या गल्लीत शिरा. करकर ऐकू येतेय? घाणा आहे. डोळ्यांवर झापड बांधलेला बैल गोल गोल फिरतोय, खोबऱ्याचं तेल मडक्यात ठिबकतंय, आणि आजूबाजूची हवासुद्धा तेलकट झालीय; मान पुसली तर हात चिकट होतो. घाण्यावरचा माणूस धोतर-मुंडाशातला, मिशीवाला, रंगानं तुमच्या-माझ्यासारखा. मराठी बोलतो, गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनाव सांगतो. उन्हं कलायला लागली तसा तो बैलाला थांबवतो, झापड काढतो, जू उतरवतो. पलीकडचा तेली अजून घाणा फिरवतोय, आणि तुमचा यजमान मात्र पाय धुतोय.

कारण आज शुक्रवार. दिवस बुडाला की यांचा शनिवार सुरू होतो आणि तो संपेपर्यंत घाणा फिरत नाही, चूल पेटत नाही. शिवाचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, आणि हे शनवार तेली. गावानं एवढ्यावर विषय मिटवलाय. शनिवारच का, हे विचारायची कुणाला गरज वाटलेली नाही.

हे बेने इस्राएल. ज्यू.

घरात या. पडवीत माशांची टोपली आलीय आणि आजी निवडायला बसल्यात. लुगडं, हिरव्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र. पापलेट या बाजूला, रावस या बाजूला. कोळंबी, तिसऱ्या, चिंबोऱ्या मात्र त्या बोटाच्या टोकानं अशा दूर सारतात की जणू कुणी चुकून चप्पल ठेवलीय. खवलं आणि पर असलेला मासाच चालतो. का, असं विचारून बघा. “आमच्यात चालत नाही,” एवढंच उत्तर मिळेल. शतकांमागं दावीद रहाबी नावाचा परदेशी ज्यू इथं आला, हे लोक आपलेच का हे बघायला त्यानं बायकांना सगळ्या जातींचे मासे रांधायला दिले, आणि त्यांनी नेमके खवल्यांचेच निवडून घेतले, अशी कथा आहे. मग त्यानं तीन घराण्यांतली माणसं शिकवून तयार केली. झिराडकर, राजपूरकर, शापूरकर; हे त्यांचे काजी झाले.

पण त्याच्याही आधीचं? आजी हात धुता धुता सांगतात. जहाज फुटलं, इथून वर नवगावच्या किनाऱ्याला. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांना तिथंच पुरलं, त्या जागा अजून दाखवतात. आणि सगळी पुस्तकं समुद्रात गेली.

इथं इंद्रायणी नव्हती. यांची गाथा वर आली नाही. अंगात मुरलं होतं तेवढंच तरलं: शनिवार, आठव्या दिवशीची सुंता, खवल्यांचा मासा, आणि ‘शमा इस्राएल’ ही एक हिब्रू प्रार्थना. देव एकच, एवढं सांगणारी. जन्माला तीच, लग्नाला तीच, मरणालाही तीच. सणांची नावंसुद्धा मराठी होऊन गेली. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. वर्षातला सगळ्यात कडक उपास म्हणजे दारफाळणीचा. त्या दिवशी पांढरे कपडे घालून दार लावून बसायचं, कुणाला शिवायचं नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, म्हणजे भेटीगाठी आणि दानधर्म. हनुक्का मात्र यांना ठाऊकच नव्हता. त्यावरून हाईम सॅम्युएल केहिमकर या त्यांच्याच इतिहासकारानं तर्क लढवला की तो सण जन्माला यायच्या आधीच आपले पूर्वज मूळ देशातून निघाले असले पाहिजेत.

जेवणात भात आणि नारळाच्या दुधातलं कालवण. मटण असतं तरी नारळाचंच दूध. मांस आणि जनावराचं दूध एका भांड्यात येत नाही. कोकणात हा नियम पाळणं काही फार कठीण नाही म्हणा. गाईचं मांसही ही मंडळी खात नाहीत. ते धर्मात सांगितलेलं नाही, शेजाऱ्यांसाठी पाळलेलं आहे.

आणि जेवणाआधी पेला येतो. पितळेचा, काठोकाठ भरलेला. तासगावच्या बेदाण्याच्या मुलखातले तुम्ही, वासावरूनच ओळखाल: मनुका भिजवून, कुस्करून गाळलेलं पाणी. द्राक्षाची दारू हवी, पण कोकणात ती कुठून आणायची? कोचीहून आलेल्या मास्तरांनी शिकवलेले हिब्रू शब्द म्हातारबाबा अडखळत म्हणतात, घोट घेतात, पेला पुढं सरकवतात. तुमच्यापर्यंतही येतो. गोड, किंचित तुरट, दाताला रवाळ लागणारं. प्या. पाहुण्याला हात आखडणारं हे घर नाही.

घराच्या आढ्याखाली झोप लागते न लागते तोच सकाळ. एका पडवीत पुरुष जमलेत. प्रार्थनाघराला हे लोक मशीदच म्हणतात. मुंबईतली त्यांची मशीद सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्येच बांधली. रेवदंड्यातली १८४२ मध्ये उभी राहील. तोवर पडवी. डासांचं गुणगुणणं, घामाचा आणि धुतल्या कपड्यांचा वास. पण प्रार्थना सुरू होईना. कोचीवाले मास्तर बोटं मोजतायत. सात, आठ, नऊ. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. मास्तरांची नजर तुमच्यावर येते, क्षणभर टेकते आणि पुढं सरकते. एका पोराला दहावा माणूस शोधायला पिटाळलं जातं.

वाईट वाटलं? रात्री ज्यांच्या पंगतीला जेवलात, त्यांच्या मोजणीत तुम्ही नाही. या धर्मात बाहेरच्याला शिरताच येत नाही असं नाही, पण वाट लांबची आहे, आणि त्या वाटेवर उभं राहून ‘या, या’ असं कुणी ओरडत नाही. करार त्यांच्या बापजाद्यांनी देवाशी केलाय. जन्माला आलात की तुम्ही त्यात आलात. मनातून देवाला मानता की नाही, हे नंतर बघू. शनिवारी चूल पेटवली का, ते आधी.

हा हिशोब कुठून आला हे बघायचं असेल तर परत डोळे मिटा. जरा लांबचा पल्ला आहे.

आधी आवाज. हजारो मेंढरं एकदम ओरडतायत. मग वास: रक्त, शेण, जळणारी चरबी, धूप, आणि जगभरातून चालत आलेल्या माणसांचा घाम. यरुशलेमचं मंदिर, वल्हांडण सणाचे दिवस, पहिलं शतक. पारव्यांचे पिंजरे डोक्यावर घेऊन बायका वाट काढतायत. सराफ नाणी आपटून बघतायत, मंदिराचा कर ठरावीक चांदीतच भरावा लागतो. कोपर बरगडीत बसतं, कुणी सॉरी म्हणत नाही. गर्दीच्या रेट्यानं तुम्ही पुढं सरकता आणि पोटाला दगडी कठडा लागतो. त्यावर ग्रीक अक्षरांत पाटी आहे. वाचता आली नाही तरी पहारेकऱ्याच्या चेहऱ्यावरून अर्थ कळेल: परजातीयानं इथून पुढं पाऊल टाकलं तर त्याच्या मरणाला तोच जबाबदार.

म्हणजे इथंही तुम्ही बाहेरच. कोकणात निदान पेला तरी मिळाला होता.

संध्याकाळी गल्लीगल्लीतून भाजलेल्या कोकराचा धूर निघतो. एका माडीवर काही गालीली माणसं जमलीत; त्यांचे हेल ऐकून यरुशलेमकर हसतात, मुंबईकर आपल्याला हसतात तसे. मधे बसलेला त्यांचा गुरू भाकर मोडतो, मग पेला उचलतो आणि असं काही बोलतो की सगळ्यांचे हात थांबतात. हे माझं शरीर, हे माझं रक्त, अशा अर्थाचं. आता एक गोष्ट नीट बघून घ्या, पुढं दोन हजार वर्षं लोक ती विसरणार आहेत. त्या खोलीत ख्रिस्ती एकही नाही. गुरूसकट सगळे ज्यू. सगळ्यांची सुंता झालेली, सगळे शनिवार पाळणारे, सगळ्यांच्या तोंडी तीच शमा.

फाटाफूट पुढची. गुरूला क्रुसावर मारलं; तो उठला, तोच वचन दिलेला मसीहा, असं काहींनी म्हटलं. बाकीचे म्हणाले, मसीहा आला असता तर जग असं राहिलं असतं का? आम्ही थांबतो. ते अजून थांबलेत. मग तंबू शिवणारा तार्सचा पौल गावोगाव सांगत सुटला की परजातीयानं सुंतेशिवाय आत यावं, विश्वास आणि बाप्तिस्मा पुरे. तुमच्या पोटाला लागलेला तो कठडा त्यानं शब्दांनीच मोडून काढला. खरा कठडा आणि मंदिर मात्र रोमी सैन्यानं ७० साली उद्ध्वस्त केलं. मंदिर गेल्यावर एकांनी ग्रंथ, दहा माणसं आणि घरचं ताट धरलं; दुसऱ्यांनी तो पेला.

मंदिराचा तो शोक रेवदंड्यात बिरड्याच्या सणाला पाळतात. वाल सोलता सोलता.

देवाबद्दलचं भांडण यापेक्षा अवघड. ज्यू म्हणतो, देवाला अंग नाही, रूप नाही, मुलगा नाही. ख्रिस्ती म्हणतो, देव एकच, पण पिता, पुत्र, पवित्र आत्मा. आणि तो एकदा माणूस झाला. आपल्याला हे चटकन कळल्यासारखं वाटतं, दहा अवतार पाठ आहेत ना! तिथंच घसरायला होतं. ख्रिस्त्यांच्या लेखी हे एकदाच घडलं आणि पुन्हा घडणार नाही. तुम्ही मान डोलावून “म्हणजे अकरावा” म्हणालात तर पाद्रीबाबा कपाळाला हात लावतील.

परत रेवदंड्यात या. रविवार उजाडलाय, घाणा पुन्हा करकरतोय, आणि खाडीपलीकडून कोर्लईच्या देवळाची घंटा ऐकू येते. पोर्तुगीज गेले, त्यांची भाषा तिथल्या ख्रिस्ती वस्तीत मराठीशी लग्न लावून राहिली. मेणबत्त्यांचा धूर, मारियामातेची मूर्ती, गुडघे टेकून बसलेल्या बायका. मूर्ती बघून शनवार तेली तिकडं फिरकत नाही. होडीतून उतरताना राम राम मात्र होतो. दोघांच्या घरी अब्राहाम आहे, मोशे आहे, दावीद आहे, आणि दोघांनाही ते ठाऊक नाही.

ते कळायला मुंबईला जावं लागतं. चला, शाळा बुडवायची नाही. जॉन विल्सनच्या शाळेत बाकावर दाटीवाटीनं बसा. पाट्या पुसायच्या ओल्या फडक्यांचा कुबट वास, खाली रस्त्यावर घोड्यांच्या टापा. या स्कॉटिश मिशनरीनं १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीत छापलं. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांत तर मास्तरसुद्धा बेने इस्राएल होते. मिशनऱ्यांचा हिशोब सरळ होता: यांच्या हाती यांचंच पुस्तक द्या, मग ती वाट येशूपाशी आपोआप येईल.

साहेब यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतात. दुसऱ्यांच्या पापासाठी मार खाणाऱ्या सेवकाची जागा येते. “हा कोण?” साहेबांना उत्तर ठाऊक आहे. मागच्या बाकावरचा दिवेकर नाही तर पेणकर नाही तर आष्टमकरांचा पोरगा हात वर करतो. “आम्ही, साहेब. इस्राएल लोक.” साहेब घसा खाकरतात. पोरगा बसत नाही. “आणि याच यशयात लांडगा कोकराशेजारी बसेल म्हटलंय. मसीहा येऊन गेला, तर बसला का?” नेमक्या त्याच वेळी खाली कुत्र्यांची कळवंड जुंपते आणि वर्ग फिदीफिदी हसतो. तुम्हीही हसून घ्या.

(हा पोरगा मी रचलाय, बाकावर तुम्हाला सोबत म्हणून. पण वादातले हे दोन्ही मुद्दे फार जुने आहेत आणि अजून सुटलेले नाहीत.)

झालं असं की बेने इस्राएलांनी पुस्तक घेतलं आणि पाणी नाकारलं. बाप्तिस्मा घेणारे अगदी थोडे. समुद्रात गेलेला ग्रंथ ख्रिस्ती हातांतून परत आला आणि हे लोक आधीपेक्षा जास्त ज्यू झाले. वल्हांडणाची पोथी मुंबईत १८४६ मध्ये शिळाछापावर निघाली, १८७४ मध्ये पुण्यात. पुण्याच्या पोथीतल्या चित्रांत वल्हांडणाच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका लुगडं नेसलेल्या आहेत. मग कीर्तनं आली. पेटी, चिपळ्या, बुवा, आणि आख्यान योसेफाचं. तिकडं नगरचे ख्रिस्तीही कीर्तनच करत होते. अब्राहाम मुलाचा बळी द्यायला निघतो, हे आख्यान दोन्हीकडं रंगतं. बेने इस्राएल कीर्तनात ऐन वेळी मेंढा सापडतो, पोरगा वाचतो, बायका डोळे पुसतात, संपलं. ख्रिस्ती कीर्तनात तिथून उत्तररंग सुरू होतो: त्या बापाचा मुलगा वाचला, देवानं स्वतःचा दिला.

आता घाट चढायचा. गावी परतू, पण आजच्यापेक्षा शंभर वर्षं मागंच थांबून. १९२० च्या आसपास.

इस्लामपूर तुम्हाला ओळखू येणार नाही. धूळ, बैलगाड्या, निंबाची झाडं. वाळवा तालुका सातारा जिल्ह्यात आहे. सांगली जिल्हा अजून जन्मायचाय. संभूआप्पा-बुवाफनचा उरूस मात्र आहे. तेव्हा “रेवदंड्याचे ज्यूसुद्धा एलियाहू हन्नबीचा उरूस करतात, मलिदा करतात, फक्त पोह्यांचा, अलिबागजवळ खंडाळ्याच्या कातळावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात” असं इथं कुणाला सांगितलंत तर तो नवल करणार नाही. पोहे घालतात म्हटल्यावर नाक मुरडेल कदाचित.

कोल्हापूर, मिरज, सांगलीसारखं अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं ठाणं इथंही आहे. रविवारची उपासना. आसपासच्या गावांतून चालत आलेली माणसं, बहुतेक महारवाड्या-मांगवाड्यांतली, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. ऊन पत्र्यावरून खाली उतरलंय. जाजमावर मांडीला मांडी लावून बसा. कोकणात चूल, मासा, वार, सगळं आठवणीनं पाळलेलं होतं. इथं आठवण कुणाच्या घरची नाही, निर्णय आहे. कुणी काल घेतलेला, कुणाच्या बापानं. त्याची किंमतही मोजलेली. नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या, नंतर एकत्र आल्या तरी सोवळं सुटायला वेळ लागला. ‘स्मृतिचित्रे’ वाचली असतील तर त्या पाण्याच्या भांड्यांचा जाच तुम्हाला ठाऊक आहे. जात देवळाच्या दारात चपलांबरोबर निघते असं मी म्हणणार नाही. लग्न जुळवायची वेळ आली की ती हळूच आत येऊन बसते. रेवदंड्यातही गोरे आणि काळे बेने इस्राएल एका पंगतीला बसायचे नाहीत, तेव्हा कुणी कुणाला नावं ठेवायची?

पण आज प्रभुभोजन आहे. पाळक भाकर मोडतात. मग पेला फिरायला लागतो. ज्या तालुक्यात विहिरीला हात लावला म्हणून माणसं मार खातात, तिथं एकच पेला, एकाच्या ओठावरून दुसऱ्याच्या ओठाला. मांगवाड्यातली म्हातारी घोट घेते, पदरानं काठ पुसते, पुढच्याला देते. वास येतो आणि तुम्ही दचकता. मनुकांचं पाणी. कोकणातलंच, यरुशलेमच्या त्या माडीवरून निघालेलं.

तुम्हाला जंतू आठवतात, हात खिशातल्या सॅनिटायझरकडं जातो, मग लाज वाटून तुम्ही तो रिकामाच बाहेर काढता आणि ओंजळ पुढं करता. पेला जवळ येतो. शेजारच्या आजी तो धरून तुमच्याकडं बघतात, वरून खालपर्यंत, पार पावलांपर्यंत.

“पावणं, बाप्तिस्मा झालाय न्हवं?”

तुम्ही मान हलवता.

“मग ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणतात, आणि पेला तुमच्यावरून पलीकडच्या पोराच्या हातात जातो. “जेवायला थांबा पर. वांगं केलंया.”